वाकड्या घड्या

तुमच्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला असेल आणि तुम्ही तो पदराखाली नाहीतर खिशात लपवत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मीही लपवला. सात-आठ महिने लपवला आणि मनात म्हणत राहिले की कुणाला काही कळलेलं नाही.

मी वंदना, वय त्रेपन्न. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात चेकिंग-फोल्डिंगच्या टेबलावर सव्वीस वर्षं काम करतेय. लूमवरून, म्हणजे मागावरून उतरलेला, धुऊन, कापून, शिवून झालेला टॉवेल आमच्याकडं येतो. तो उजेडात धरून बघायचा. डाग, सुटलेला धागा, तिरकी शिलाई दिसली तर बाजूला काढायचा आणि चांगला असेल त्याची घडी घालायची. कोपऱ्यावर कोपरा, काठावर काठ. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं! या की मग, घालून बघा दिवसाला सातशे.

माझ्या हातची वाकडी घडी कधी पॅकिंगला गेली नाही, हे मी कारखान्यात इतक्या वेळा ऐकवलंय की नव्या पोरी माझ्या मागं माझी नक्कल करतात. मी रागीट आहे आणि तोंडानं फटकळ आहे, हेही आधीच सांगून टाकते. आजारपण माणसाला गोड करतं असं कुणी म्हणत असेल, तर माझ्या घरच्यांना विचारा.

अंगठा

पहिल्यांदा गेला तो वास. शेंगाची चटणी कुटताना सगळं घर घमघमतं, पण मला काहीच येईना. मी शेंगदाण्यांना नावं ठेवली. मग उजवा खांदा धरला, त्याला तेल लावलं. मग मालाच्या चिठ्ठीवरचं माझं अक्षर बारीक बारीक होत गेलं. पॅकिंगवाला म्हणाला, "मावशी, मुंग्या सोडल्यात का कागदावर?" त्याला चांगलं झापलं.

आणि मग अंगठा. काम करताना नाही, नुसती बसले की. तर्जनीवर घासायचा, तंबाखू मळताना घासतात तसा. मी हात मांडीखाली दाबून ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत डबा डाव्या हातानं उघडायची. माझ्या शेजारी बारा वर्षं लक्ष्मी बसते. ती पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी, आणि तिच्या बोलण्याला खंड नाही. सुनेपासून सिरियलपर्यंत सगळं ती मला सांगते. तिनं कधी विचारलं नाही, म्हणून मी समजले की तिचं लक्षच नाही.

मला हे काय आहे ते ठाऊक होतं, कारण मंगळवेढ्याला माझ्या आईला मी बघितलं होतं. आई अख्ख्या गल्लीच्या वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि त्यावर बारीक धावदोरा घालायचा. हात कापायला लागला तेव्हा लोकांनी प्रेमानंच तिच्या हातातली सुई काढून घेतली. "बस आता, लई केलंस," म्हणाले. आई ओट्यावर बसली. तिला कुठल्या डॉक्टरला दाखवायचं असतं हे आम्हाला सुचलंसुद्धा नाही. आईचे हात थांबले त्या दिवशीच आई संपली होती. जीव जायला पुढं चार वर्षं लागली.

म्हणून मला मरणाची भीती नव्हती. माझी भीती एकच होती, टेबल सुटण्याची. एकदा का कुणी प्रेमानं म्हणालं की बसा आता वंदनाअक्का, लई केलंत, की मी ओट्यावर बसणार आणि उठणार नाही.

खोलीतला तो दिवस

चहाच्या बशीनं मला पकडून दिलं. लेक प्रणाली समोर बसली होती आणि माझ्या हातातली बशी वाजत होती. तिनं कप काढून घेतला, बशी काढून घेतली, हात उघडा पाडला आणि नुसती बघत राहिली. ती एका खासगी शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि तिच्या पप्पांना, मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला पॅसेजमधून चालायला लावलं. चालताना माझा उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. बोटावर बोट आपटायला सांगितलं. डावा हात पटपट चालला, उजवा चार वेळा आपटून मंदावला. मग कागद दिला आणि म्हणाल्या, काहीही लिहा. मी माझं नाव लिहिलं. शेवटची अक्षरं मलाच वाचता येईनात.

"पार्किन्सन आहे," त्या म्हणाल्या. "कंपवात म्हणतात ना, तो."

हे ऐकून यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, इंजिन उघडल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. प्रणाली म्हणाली, "माझ्या आजीलाही होतं. मग मला…" आणि तिनं स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. ते बघून मी जेवढी हबकले, तेवढी रोगाचं नाव ऐकून हबकले नव्हते. बाई म्हणाल्या, घरात एकाला झालं म्हणजे दुसऱ्याला होईलच असं नाही. तेवढ्यानं तिची नजर अंगठ्यावरून हटली नाही.

मी एकच विचारलं, "काम करता येईल का?"

"सध्या तरी येईल."

हे 'सध्या तरी' मी पुढं कित्येक महिने चघळत बसले.

काम कसलं करता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. म्हणाल्या, तुमच्या मेंदूतल्या पेशी दिवसभर हेच करतात. पेशी प्रोटीन तयार करते ते लांब धाग्यासारखं असतं. त्याची ठरलेली घडी बसली तरच ते उपयोगाचं. घडी चुकली तर पेशीत मदतनीस असतात, ते चुकलेली घडी उलगडतात, पुन्हा घालून बघतात. नाहीच जमलं तर ते प्रोटीन मोडीत काढतात. पण चुकीच्या घड्या फार वाढल्या की मदतनीस पुरे पडत नाहीत. एक चिकट प्रोटीन साठत जातं, आणि हात-पाय चालवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हे सगळं नेमकं कशामुळं सुरू होतं, ते पूर्णपणे कुणालाच माहीत नाही.

"आणि हे आजचं नाही," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं आतल्या आत पेशी सावरून घेत असतात. बाहेर दिसायला लागतं तेव्हा त्या थकलेल्या असतात."

माझ्या डोक्यात यातलं एवढंच शिरलं: चुकीची घडी, आणि साठलेला ढीग. बाकीचं मी ऐकलं, पण धरलं नाही.

लूम बंद

गोळ्या सुरू झाल्या. जेवणाआधी अर्धा तास घ्या असं सांगितलं होतं, पण त्यानं मला मळमळायचं. म्हणून मी आपल्याच मनानं जेवताना घ्यायला लागले, वर कपभर दूध. महिना गेला तरी अंगठा जरासाच थांबला. बाकी आहे तसंच.

आता मी काय केलं ते सांगते. हे वाचून हसू आलं तर हसा, पण करू नका.

आमच्या टेबलावरचा एक नियम आहे. एखाद्या मालात तोच तोच दोष पुन्हा पुन्हा यायला लागला, तर नुसतं निवडत बसायचं नाही. उठायचं, जॉबरकडं, म्हणजे लूम सांभाळणाऱ्याकडं जायचं आणि लूम बंद करायला लावायचं. माल येणंच थांबलं की ढीग वाढत नाही. नव्या पोरी लाजतात, दिवसभर खराब माल निवडत राहतात. मी कधी लाजले नाही. माझ्या सांगण्यावरून किती लूम थांबलेत, जॉबरला विचारा.

मग माझ्याच डोक्यात खराब माल साठत असेल, तर मी काय निवडत बसू? लूमच बंद करायचा. ढीग प्रोटीनचा, म्हणजे प्रोटीनच आत जाऊ द्यायचं नाही. कशाकशात असतं ते प्रणालीच्या शाळेच्या पुस्तकात चित्रांसकट होतं: डाळी, शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, मटण. सगळं बंद केलं. भाकरी, मिरचीचा ठेचा, भोपळा, भात, बटाटा एवढ्यावर राहिले. सोलापूरच्या बाईनं शेंगाची चटणी सोडली! भरलेली बरणी मी लक्ष्मीला देऊन टाकली.

आणि काय सांगू, आठ दिवसांत हात थांबला.

खरंच थांबला. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात बोटं मोकळी व्हायची. घड्या सरळ पडायला लागल्या, अक्षर मोठं झालं. मी घरात मिरवत फिरले. आधी कुरकुरणारे हेसुद्धा म्हणाले, "तुझं डोकं चालतं हां." एकटी प्रणाली म्हणत राहिली, "मम्मी, डॉक्टरांना विचारून कर की."

"विचारायचं काय त्यात? हा बघ हात!" मी तिच्या तोंडासमोर हात धरला. सुतासारखा सरळ.

तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी पुन्हा बोटं आपटायला लावली आणि खूश झाल्या. गोळी छान लागू पडली म्हणाल्या. मग विचारलं, "जेवणखाण कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

प्रणालीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प बसली. डॉक्टरांसमोर खोटं बोलले, आणि पोरीलाही त्यात ओढलं. त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

ताई

चौथ्या महिन्यापर्यंत माझे ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले होते. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागायचं. सकाळी उठून उभी राहिले की डोळ्यांपुढं काळं यायचं. मी म्हणायची, वय झालं. हात चालतोय ना, मग झालं.

मंगळवेढ्याहून थोरली बहीण आली. ज्वारीचं पीठ, शेंगाचे लाडू आणि तोंड, तिन्ही बरोबर घेऊन आली. दारातच थांबली.

"ही काय दशा करून घेतलीस गं? आईगत दिसायलीस."

या शब्दावर माझा तोल गेला. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तू शेतात होतीस, आईचं मी केलं, मला शिकवू नकोस. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून लाडवांचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

"खा."

"मला चालत नाही."

"कुनी सांगितलं? डाक्टरनं?"

मी पदर सारखा करत राहिले.

"न्हाय ना? म्हंजे तुझं तूच ठरवलंस. आईचं बी आपुन आपलंच ठरवत हुतो की. कुटं इचारलं कुनाला?" ताईचा आवाज चढला नाही. "तवा अक्कल नव्हती. आता तुला काय झालंय?"

मी डबा तिच्याकडं सरकवला. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं परत गेली. जाताना मला भेटली, पण डबा नेला नाही.

पाण्याचा दिवस

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी घरात दुसरं काही नसतं. पिंप, घागरी, बादल्या, जे भरता येईल ते भरायचं. ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पाणी आलं. मी वाकून पिंपात पाइप धरला होता. पाइप निसटला, तो घ्यायला मी झटकन सरळ झाले.

पुढचं मला आठवतं ते फरशीवरून. पाइप वळवळत होता, पाणी भिंतीवर उडत होतं आणि माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी कोमट जात होतं. हे ओरडत होते. ते माझं नाव घेऊन ओरडत होते, आणि लग्नाला तीस वर्षं झाली तरी हे मला नावानं हाक मारत नाहीत. तेव्हा मला कळलं की मोठं काहीतरी झालंय.

भुवईवर पाच टाके पडले. हाड मोडलं नाही. पण दवाखान्यात दाखल करून घेतलं, कारण मी उभी राहिले की रक्तदाब खाली जायचा आणि अंगात काही उरलेलंच नव्हतं.

सहा दिवस होते. पहाटे झाडूचा आवाज, मग ताप बघायला सिस्टर, मग चहाची गाडी. आडवं असताना रक्तदाब, उभं करून रक्तदाब. गोळी त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या जेवणासोबत. जेवणात वरण असायचं आणि ते खायलाच लावायचे, सिस्टर समोर उभी राहायची. आणि तिसऱ्या दिवशी हात पुन्हा हलायला लागला. सलाइनच्या सुईसकट हलायला लागला. मी डाव्या हातानं तो दाबून धरला आणि वरणाच्या वाटीकडं बघत राहिले. माझा हिशेब खरा होता, हा बघा पुरावा, असं वाटत होतं. खाल्लं तर हात जातो. नाही खाल्लं तर जीव जातो. यातलं कुठलं निवडू? मला खरंच ठरवता येत नव्हतं. एवढी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते.

त्या सहा दिवसांतलं एकच सुख सांगते. वॉर्डात साफसफाईला एक मावशी यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, हात धुतले, काही न विचारता माझ्या मागं बसल्या आणि रक्तानं चिकटलेले केस सोडवून माझी वेणी घातली. मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं.

वरण

त्याच दिवशी संध्याकाळी मेंदूच्या डॉक्टर बाई बघायला आल्या. माझा हात बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मागच्या वेळी तर उत्तम होतं. काय बदललं?"

मी छताकडं बघत होते.

"मॅडम," प्रणाली म्हणाली. "मम्मी चार महिने डाळ खात नव्हती. दूध, अंडं, शेंगदाणे, काहीच नाही. मागच्या वेळी ती तुमच्याशी खोटं बोलली. मीही गप्प बसले."

त्या क्षणी मी उठू शकले असते तर पोरीच्या कानाखाली वाजवली असती. माझं टेबल तिनं माझ्या हातातून काढून घेतलं, असंच मला वाटलं.

बाई चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि 'का' एवढंच विचारलं. मग मी सांगितलं. जॉबरकडं जायचं, लूम बंद करायचा, माल थांबला की ढीग थांबतो, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमची अक्कल कारखान्यात बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण शरीरात ती गडबडली. ते साठलेलं प्रोटीन तुमच्या ताटातून डोक्यात जात नाही. डाळ पोटात मोडते, तिचे तुकडे तुकडे होतात, आणि त्यातून प्रत्येक पेशी तिला हवं ते नव्यानं बनवते. आणि मी तुम्हाला मदतनीस सांगितले होते ना? चुकलेली घडी उलगडून नीट घालणारे? तेही प्रोटीनचेच असतात. तुमचे स्नायू प्रोटीनचे. आपण खात नाही तेव्हा अंग तेच मोडून खातं. तुम्ही लूम नाही बंद केलात. तुम्ही सगळ्या कारखान्याचाच डबा बंद केलात, टेबलावरच्या बायकांसकट."

"मग हात कसा थांबला?" मी विचारलं. माझा आवाज भांडखोरच होता. "आणि इथं वरण खाल्लं तर परत कसा सुरू झाला?"

"गोळी कधी घेत होता?"

"जेवताना. आधी घेतली की मळमळतं."

त्या हसल्या. गोळी आणि जेवणातलं प्रोटीन, दोन्ही एकाच दारातून आत जातात म्हणाल्या. दोघं एकदम आले की दारात गर्दी होते आणि गोळी मागं राहते. तुम्ही डाळ बंद केलीत, गोळीला दार मोकळं मिळालं. रोग जिथल्या तिथं होता. डाळ सोडायची नाही, फक्त गोळी आधी जाऊ द्यायची. आणि मळमळतं तर ते मला सांगायचं, त्याचा इलाज आहे.

एवढंच होतं. अर्धा तास आधी गोळी, मग पोटभर जेवण. पहिल्याच दिवशी सांगितलेलं. चार महिने मी स्वतःला उपाशी मारलं आणि वर शहाणपण मिरवलं. मला हसू येईना, रडू येईना. प्रणाली खिडकीकडं तोंड करून उभी होती. मी म्हटलं, "इकडं ये." ती येईना. "मारत नाही, ये." मग ती आली आणि माझ्या पोटावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

रात्रीच्या जेवणात वरणाची वाटी मी पुसून खाल्ली. घरी आल्यावर ताईला फोन लावला. ती म्हणाली, "लाडू हायत का इटले?" इटले नव्हते. रोज एक संपवला.

टेबल

दोन महिन्यांनी कारखान्यात गेले. साहेब म्हणाले, "बघा बसून. जमलं तर ठीक, नाहीतर घरी आराम करा." त्यांनी प्रेमानंच सांगितलं. माझ्या आईलाही प्रेमानंच सांगितलं होतं.

दहाला गोळी घेतली आणि टेबलापाशी उभी राहिले. समोर पांढऱ्या टॉवेलचा ढीग होता. पहिली घडी घातली, कोपऱ्यावर कोपरा. दुसरी. तिसरी. पूर्वीच्या निम्म्या वेगानं, पण सरळ. लक्ष्मी शेजारी होतीच. तिनं मला बघून डोळे पुसले आणि लगेच सुनेबद्दल सुरू केलं, मध्ये दोन महिने गेलेच नाहीत असं.

दीड वाजता गोळीचा जोर ओसरला. मला ते कळतं आता, आधी मनगट जड होतं. पुढची गोळी घ्यायला अजून अर्धा तास होता. एक घडी तिरकी पडली. मी दात ओठ खाऊन पुढची घातली, तीही तिरकी. घाम फुटला. साहेब काचेपलीकडं होते. मी त्या दोन्ही तशाच ढिगावर ठेवल्या आणि खाली मान घालून तिसरी घ्यायला लागले.

तेवढ्यात लक्ष्मीचा हात आला. सुनेनं फ्रिज कसा उघडा ठेवला ते ती सांगत होती, नजर स्वतःच्या टॉवेलवर होती. त्या हातानं माझ्या ढिगावरून वरचे दोन टॉवेल उचलले, झटकून उलगडले, घडी घातली आणि परत माझ्या ढिगावर ठेवले. बोलण्यात अर्ध्या शब्दाचा खंड पडला नाही.

आज पहिल्यांदा करणाऱ्याचा हात असा चालत नाही. सव्वीस वर्षं मी हात बघतेय.

"लक्ष्मी," मी म्हटलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्या घड्या."

"सोडा की अक्का."

"कधीपासून, ते सांग."

ती टॉवेलचा काठ उगाच सरळ करत राहिली. टेबलापलीकडच्या दोघी खाली बघायला लागल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"दोन दिवाळ्या झाल्या," लक्ष्मी म्हणाली.

दोन दिवाळ्या. म्हणजे अंगठ्याच्या आधी. खांद्याच्या, बारीक अक्षराच्या आधी. मलाच काही ठाऊक नव्हतं तेव्हापासून माझ्या घड्या वाकड्या पडत होत्या, आणि या बायका गप्पा मारत मारत त्या उलगडून नीट घालत होत्या. आणि मी त्यांनाच तोंड वर करून ऐकवत होते की माझ्या हातची वाकडी घडी कधी पॅकिंगला गेली नाही.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी घरी बसला असता," ती म्हणाली. "बसून काय केलं असतं, अक्का?"

मला आईचा ओटा दिसला. त्या ओट्याभोवती आम्ही सगळे होतो, सगळे मायेचे, आणि एकानंही सुई तिच्या हातात राहू देऊन तिचे चुकलेले टाके नंतर गुपचूप नीट केले नव्हते. करता आलं असतं. मी ढसाढसा रडले, भर कारखान्यात. साहेब काचेपलीकडून उठून आले, तेव्हा लक्ष्मीनं त्यांना डोळ्यात धागा गेला म्हणून सांगितलं.

मी बरी झालेले नाही, होणारही नाही. गोळ्या वाढतील. बाईंचं 'सध्या तरी' अजून तसंच आहे, फक्त मी ते चघळायचं सोडलंय. दहाला गोळी, साडेदहाला डबा, डब्यात शेंगाची चटणी. वास येत नाही, पण चव येते.

टेबल अजून माझं आहे. दीडच्या सुमाराला मनगट जड होतं, घडी तिरकी पडते. ती मी आता ढिगात दडपत नाही. सरळ उचलते आणि उजव्या बाजूला सरकवते, लक्ष्मीकडं. ती बोलता बोलता, न बघता, उचलून घेते.